आधी आजोबांचा दाखला शोधा, क्लासचं नंतर बघू

पत्र : सर नमस्कार. आम्ही सांगोला तालुक्यात राहतो, मिस्टरांचं किराणा दुकान आहे आणि मी अंगणवाडीत आहे. मुलीला दहावीत ८८.४० टक्के पडलेत, मराठी मीडियम. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचं म्हणते. सगळे सांगतायत की आत्तापासून तयारी केली नाही तर चांगलं कॉलेज मिळणार नाही, म्हणून लातूरला टाका. एका क्लासवाल्यांनी दोन वर्षांचे तीन लाख वीस हजार सांगितलेत, कॉलेज त्यांचंच बघतात, नुसतं नाव राहतं म्हणे, आणि होस्टेल मेस वेगळं. माझी बहीण चिंचवडला असते, ती म्हणते माझ्याकडे पाठव. आणि तालुक्याचं ज्युनियर कॉलेज घरापासून नऊ किलोमीटर. आमचं उत्पन्न दोघांचं मिळून साडेतीन चार लाखाच्या आत आहे, कॅटेगरी ओबीसी. सोनं मोडून क्लास लावावा असं मिस्टर म्हणतात. मुलीला विचारलं तर म्हणते तुम्ही म्हणाल तसं. काय करावं? आणि आजोबांचा शाळेचा दाखला लागतो असं कोणीतरी म्हणालं, ते खरं का?

उत्तर :

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही सगळ्यात शेवटी, जाता जाता जो प्रश्न विचारलाय ना, आजोबांच्या दाखल्याचा, तोच खरा पहिला प्रश्न आहे. क्लासचा प्रश्न त्याच्या खूप मागे येतो. पण तुम्ही सोनं मोडायच्या गोष्टी करताय म्हणून आधी तेवढं थांबवतो, मग दाखल्याकडे येऊ.

मी सव्वीस वर्षं ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवलं, त्यामुळे माझं मत थोडं कॉलेजच्या बाजूने झुकणार हे धरून चाला. लातूरला मी नावं ठेवणार नाही. लातूर पॅटर्न उगाच गाजला नाही, तिथली पोरं आणि तिथले मास्तर दोघंही मरमर मेहनत करतात आणि आज नीटसाठी, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेसाठी, सगळ्या महाराष्ट्रातून मुलं तिथे जातात. पण तुमच्या मुलीला डॉक्टर व्हायचं नाहीये. आयआयटीचं नावसुद्धा तुमच्या पत्रात कुठे नाही. तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचंय आणि महाराष्ट्रात ते बहुतेक करून एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेवर मिळतं, आणि सीईटी ही परीक्षा आयआयटीसाठी लागणाऱ्या जेईईच्या मानाने खूप सरळ आहे, लोक दोन्ही एकाच मापाने मोजतात आणि मग सीईटीच्या गिऱ्हाइकाला जेईईचा माल विकला जातो.

सीईटीचा पेपर कसा असतो ते आधी समजून घ्या, मिस्टरांनाही वाचून दाखवा. पीसीएम ग्रुपला दीडशे प्रश्न, दोनशे मार्क. फिजिक्स पन्नास प्रश्न, केमिस्ट्री पन्नास, प्रत्येकी एक मार्क, त्या दोघांना मिळून नव्वद मिनिटं. मॅथ्स पन्नास प्रश्न पण प्रत्येकी दोन मार्क, त्याला वेगळी नव्वद मिनिटं. म्हणजे अर्धा पेपर एकट्या मॅथ्सचा. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न सोडायचा नाही, येवो न येवो. प्रत्येक विषयात साधारण वीस टक्के प्रश्न अकरावीचे आणि ऐंशी टक्के बारावीचे, आणि अकरावीचं सगळं पुस्तक नसतं, ठराविकच धडे असतात, त्यांची यादी ही परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या साइटवर मिळते. ती यादी प्रिंट काढून अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवा. मी शिकवत असताना बारावीच्या वर्गात विचारायचो, यादी कोणी कोणी बघितलीय, तर साठातले सात आठ हात वर यायचे. दोन दोन लाखाचे क्लास लावलेली पोरं सुद्धा खाली बघायची.

आणि जे मार्क पडतात त्यावर थेट काही नसतं, पर्सेंटाइल लागतं. परीक्षा बऱ्याच दिवस, वेगवेगळ्या शिफ्टमध्ये चालते, म्हणून आपल्या शिफ्टच्या पोरांत आपण कुठे आहोत त्यावरून पर्सेंटाइल काढतात. ९५ पर्सेंटाइल म्हणजे ९५ टक्के नव्हे, त्याचा अर्थ शंभरातली पंच्याण्णव पोरं तिच्या बरोबरीने किंवा मागे. हे सांगायचं कारण, निकाल लागला की शेजारीपाजारी टक्क्यांचा हिशोब करून उगाच पोरीला खाली तरी पाडतात नाहीतर डोक्यावर तरी घेतात.

आता ते "नुसतं नाव राहतं" प्रकरण. मला याची फार चीड आहे, सांगूनच टाकतो. अकरावी बारावीला कॉलेजात फक्त नाव, पोर दिवसभर क्लासमध्ये, प्रॅक्टिकल जर्नल कोणाचं तरी बघून उतरवलेलं. मी एका वर्षी बाहेरच्या कॉलेजला बोर्डाच्या प्रॅक्टिकलचा एक्झामिनर म्हणून गेलो होतो, मीटर ब्रिज, म्हणजे व्हीटस्टन ब्रिजच्या तत्त्वावरचं रोध मोजायचं उपकरण, मांडलेला होता, एक मुलगा आला आणि जॉकी हातात धरून माझ्याकडे बघत उभा राहिला. त्याला ती वस्तू काय आहे तेच माहीत नव्हतं. व्हीटस्टन ब्रिजवरची गणितं मात्र धडाधड सोडवत होता. मार्क दिले, काय करणार, पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. हुशार होता हो पोरगा. बोर्डाला फिजिक्स केमिस्ट्रीत शंभरातले तीस मार्क प्रॅक्टिकलचे असतात ते एक, हजेरीचा नियम असतो ते दुसरं, आणि उद्या इंजिनिअरिंगला गेल्यावर पहिल्याच सेमिस्टरला लॅबमध्ये उभं राहायचं असतं ते तिसरं. सोळा वर्षांच्या पोरीला परक्या गावात होस्टेलवर ठेवून, कॉलेजची मैत्रीण नाही, वर्ग नाही, गॅदरिंग नाही, आणि हे सगळं सीईटीसाठी? मला नाही पटत.

बहिणीकडे चिंचवडला ठेवण्यात मात्र एक गोष्ट आहे जी तुमच्या बहिणीलाही कदाचित ठाऊक नसेल. इंजिनिअरिंगच्या बऱ्याच कॉलेजांत राज्याच्या कोट्यातल्या जागा होम युनिव्हर्सिटी आणि बाहेरची युनिव्हर्सिटी अशा ७०:३० वाटलेल्या असतात, आणि मुलाची होम युनिव्हर्सिटी कोणती हे त्याने बारावी कुठून पास केली यावर ठरतं. सांगोल्यातून बारावी केली तर तिची होम सोलापूर विद्यापीठ, लातूरहून केली तर नांदेडचं, चिंचवडहून केली तर पुण्याचं. म्हणजे लातूरला जाऊन पुण्याच्या कॉलेजसाठी तिला काडीचा फायदा नाही, दोन्हीकडून ती बाहेरचीच. पुण्याहून बारावी केली तर होमच्या जागा उघडतात, पण तिथे तिच्यासारखीच हजारो पोरं होमवाली असतात त्यामुळे फरक किती पडतो हे कॉलेजप्रमाणे बदलतं. काही संस्थांना हा भेदच नाही, सगळ्या जागा राज्यस्तरावर भरतात.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक काम करा, रविवारी दुपारी दुकान बंद असताना तिघं एकत्र बसा. सीईटी सेलच्या साइटवर मागच्या वर्षीच्या कॅप राऊंडच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांच्या, कटऑफची पीडीएफ असते, हजारभर पानांची, घाबरू नका. त्यात प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक ब्रँचखाली कोड दिलेले असतात. जी म्हणजे जनरल, एल म्हणजे लेडीज, मध्ये कॅटेगरी, आणि शेवटचं अक्षर एच म्हणजे होम, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्यस्तर. तुमच्या मुलीने बघायचे ते कोड एल-ओबीसी-एच, एल-ओबीसी-ओ आणि एल-ओबीसी-एस, कारण मुलींना तीस टक्के जागा राखीव आहेत. पाच कॉलेजं निवडा, एक पुण्याचं मोठं, एक सांगलीचं, एक सोलापूरचं, दोन तिला आवडतील ती, आणि प्रत्येकासमोर कॉम्प्युटरचं पर्सेंटाइल वहीत लिहून काढा. कंसात जो आकडा असतो तो पर्सेंटाइल, त्याच्या वरचा मेरिट नंबर. एका दुपारचं काम आहे पण त्यानंतर "चांगलं कॉलेज मिळणार नाही" असं कोणी म्हणालं की तुम्ही विचारू शकता, कुठलं कॉलेज, कितीला बंद झालं होतं? बहुतेक लोक तिथेच गप्प होतात.

पैशाचं बघू. जुलै २०२४ मध्ये सरकारने जीआर काढला, ज्या मुलींच्या घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखापर्यंत आहे आणि ज्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मध्ये येतात त्यांना प्रोफेशनल कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. तुम्ही यात सरळसरळ बसता. अट एवढीच की अॅडमिशन कॅपमधून झालेलं पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं की गेलं, आणि खाजगी अभिमत विद्यापीठं किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यात येत नाहीत. डेव्हलपमेंट फी, होस्टेल, मेस हे आपल्यालाच. म्हणजे बघा, चार वर्षांच्या इंजिनिअरिंगच्या ट्यूशन फीला तुम्हाला सोनं मोडावं लागणार नाहीये आणि तुम्ही त्याच्या आधीच्या दोन वर्षांसाठी मोडायला निघालात. ते सोनं राहू द्या डब्यात, होस्टेलला आणि लॅपटॉपला लागेल.

पण हे सगळं, फी माफी, ओबीसीची जागा, एल-ओबीसीचं कटऑफ, सगळं उभं आहे एका कागदावर. जात पडताळणी प्रमाणपत्र, म्हणजे जातीचा दाखला खरा आहे असं जिल्ह्याच्या समितीने तपासून दिलेलं, ज्याला सगळे व्हॅलिडिटी म्हणतात. आता या दाखल्याकडे या.

मी स्वतः यात पोळलोय म्हणून लांबण लावतो. माझी पुतणी, सीईटीला छान पर्सेंटाइल, कॅपमध्ये हव्या त्या कॉलेजला नंबर लागण्यासारखा होता. व्हॅलिडिटीची फाईल बारावीच्या मार्चमध्ये टाकली, म्हणजे आम्हीच उशीर केला, घरात मी मास्तर असून. फाईलला क्वेरी निघाली. कारण काय, तिच्या आजोबांच्या म्हणजे माझ्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव गावावरून लावलेलं होतं आणि आम्ही सगळे पुढे कुळाचं आडनाव लावायला लागलो. नाव सुद्धा दाखल्यावर धोंडी आणि सातबाऱ्यावर धोंडिबा. दोन्ही माणसं एकच हे सिद्ध करायला आम्ही तीन आठवडे पळापळ केली. जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो, हेडमास्तरांनी लोखंडी कपाट उघडून जनरल रजिस्टर काढलं, कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई तपकिरी झालेली, आणि त्यात वडिलांच्या नावापुढे जात स्पष्ट लिहिलेली. प्रवेश निर्गम उतारा, म्हणजे त्या रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल, घेतला, शपथपत्र केलं, सगळं दिलं. व्हॅलिडिटी आली, पण मुदत होऊन गेल्यावर अकरा दिवसांनी. पोरीला ओपनमधून जी मिळाली ती ब्रँच घ्यावी लागली आणि फी पूर्ण भरावी लागली. मुदतवाढ मिळते, मिळते बऱ्याचदा, पण त्या भरवशावर पोरीचं भविष्य टांगू नका.

तर तुम्ही काय करायचं. अकरावी सायन्सला अॅडमिशन झालं की लगेच, हो अकरावीतच, कॉलेजमधून व्हॅलिडिटीचं पत्र घ्यायचं आणि ऑनलाइन अर्ज भरून तुमच्या जिल्ह्याच्या समितीकडे, म्हणजे सोलापूरला, फाईल द्यायची. त्याच्या आधी मुलीचं स्वतःचं जातीचं प्रमाणपत्र हातात पाहिजे, ते नसेल तर आजच सेतूमध्ये जा. पुरावे लागतात ते वडिलांच्या बाजूचे, तुमच्या माहेरचे नाही चालत. मुलीचा दाखला, तिच्या वडिलांचा, आजोबांचा, चुलत्यांचे, आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा एक तरी कागद ज्यावर जात लिहिलीय. आजोबा त्या आधी शाळेत गेले असतील तर त्यांचा दाखला म्हणजे सोनं, तुमच्या डब्यातल्यापेक्षा जास्त. शाळेत गेलेच नसतील तर तहसीलमध्ये जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात, गाव नमुना १४, कोतवाल बुक म्हणतात लोक, त्यात बघायला लावा. काही नोंदी मोडीत असतात, मग मोडी वाचणारा शोधावा लागतो, त्यात अजून वेळ जातो. आणि घरात कोणाची, मुलीच्या सख्ख्या चुलत्याची किंवा आत्याची, आधीच व्हॅलिडिटी झाली असेल तर अर्धं काम झालं असं समजा, ती प्रत आधी मिळवा.

नॉन क्रिमीलेयर, म्हणजे घर ओबीसीतल्या सधन गटात मोडत नाही याचा दाखला, वेगळं आणि उत्पन्नाचा दाखला वेगळा, हे दोन्ही लागतात, लोक एकच समजतात. नॉन क्रिमीलेयरवर कुठल्या ३१ मार्चपर्यंत वैध हे लिहिलेलं असतं, अॅडमिशनच्या वर्षानंतर येणारा ३१ मार्च त्यात कव्हर झाला पाहिजे, म्हणजे ती जून २०२८ ला अॅडमिशन घेणार असेल तर ३१ मार्च २०२९. ते काम बारावीच्या परीक्षेनंतर, आत्ता नको.

अभ्यासाचं. तालुक्याच्या कॉलेजला घाला असं माझं मत आहे, पण एक अट, सायन्सचे मास्तर नियमित शिकवतात का ते आत्ता बारावी झालेल्या दोन मुलींना गाठून विचारा, माझ्यासारख्या निवृत्त मास्तराला किंवा प्रिन्सिपलला विचारू नका. एसटीचा पास गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत फुकट आहे, नऊ किलोमीटर काही लांब नाही. मॅथ्सला एखादी शिकवणी लावा, जवळची, चांगली, कारण अर्धा पेपर मॅथ्सचा आहे हे वर सांगितलंच. अकरावीचा अॅडमिशनचा फॉर्म आता २०२५ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन आहे, दहा पर्यंत पसंत्या भरता येतात, पण पहिल्या नंबरला टाकलेलं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिल्या नंबरवर उगाच मोठं नाव टाकू नका.

मराठी मीडियमची भीती तुम्ही पत्रात लिहिली नाहीत पण ती असणार, कारण प्रत्येक वर्षी माझ्या वर्गात पहिला महिनाभर मराठी मीडियमच्या मुली मागच्या बाकावर बसून नुसतं उतरवून घ्यायच्या. सीईटीला फिजिक्स केमिस्ट्रीचे प्रश्न मराठीतही घेता येतात, मॅथ्स मात्र फक्त इंग्रजीत. शिवाय अकरावी सायन्सला वर्गात सगळं इंग्रजीतच चालतं. यावर उपाय फार साधा आहे, या सुट्टीत एक दोनशे पानी वही आणा, डाव्या पानावर मराठी शब्द उजव्या पानावर इंग्रजी. त्वरण, बल, संवेग, लंब, स्पर्शिका, वर्तुळकंस, संभाव्यता. दिवसाला दहा शब्द. जून संपेपर्यंत ती मागच्या बाकावरून पुढे येते, हे मी बघितलंय, एकदा नाही, दर वर्षी.

अकरावी हे आरामाचं वर्ष असं जे म्हणतात त्यांचं ऐकू नका. वीस टक्केच प्रश्न म्हणून नाही, बारावीचं डेरिव्हेटिव्ह अकरावीच्या फंक्शन आणि लिमिटशिवाय हलत नाही म्हणून. आणि बारावीत गेल्यावर तालुक्याच्या सायबर कॅफेत जाऊन कॉम्प्युटरवर मॉक टेस्ट द्यायला लावा, परीक्षा स्क्रीनवर असते, पोरं मोबाईलवर सराव करून जातात आणि तिथे माऊसने पुढचा प्रश्न शोधण्यात वेळ घालवतात. बोर्डाचे मार्क सीईटीच्या मेरिटला धरत नाहीत, ग्रुपमध्ये ओबीसीला चाळीस टक्के लागतात पात्रतेला, तेवढे तिला झोपेत पडतील. पण समजा पुढे तिला जेईई मेन देऊन एनआयटीचा, म्हणजे केंद्र सरकारच्या इंजिनिअरिंग कॉलेजांचा, विचार करावासा वाटला तर तिथे बारावीला पंच्याहत्तर टक्क्यांची अट आहे, त्यामुळे बोर्ड अगदीच वाऱ्यावर सोडू नका.

राहिलं तिचं "तुम्ही म्हणाल तसं". ताई, सोळा वर्षांची पोरगी असं म्हणते तेव्हा तिला बापाचं सोनं मोडायचं बोलणं ऐकू आलेलं असतं. तिला बाजूला घेऊन सांगा की सोनं मोडायचं नाही ठरलंय, मग पुन्हा विचारा. कॉम्प्युटर हे तिचंच आहे का कोणा भावाचं बघून आलंय तेही विचारा. कदाचित कॉम्प्युटरच म्हणेल, कदाचित म्हणेल मला बीएस्सी अॅग्री करायचंय, तेही सीईटीवरच मिळतं, फक्त मग ग्रुपचा विचार अकरावीचे विषय निवडताना आत्ताच करावा लागेल. बायो ठेवायचं का सोडून बायफोकलचं, म्हणजे अकरावी-बारावीच्या व्यवसाय विषयातलं, कॉम्प्युटर सायन्स घ्यायचं हे त्यावर ठरतं, आणि फॉर्म भरायच्या आधी ठरलं तर बरं.

सासरे हयात असतील तर त्यांनाच घेऊन शाळेत जा, म्हाताऱ्या माणसाला बघून हेडमास्तर कपाट लवकर उघडतात. दाखल्यावर आडनाव किंवा नाव वेगळं निघालं तर घाबरून जाऊ नका, तिथेच खाडाखोड दुरुस्त करून द्या म्हणून कोणाच्या मागेही लागू नका, जसा आहे तसा उतारा घ्या आणि मला परत लिहा. कुठे काय वेगळं आहे तेवढं कळवा, दाखल्याचा फोटो नको.